लाईट गेल्यावरची थंडी

आपल्या भागात लाईट जाण्याची तक्रार होते ती उन्हाळ्यात. पंखा थांबला की सगळी गल्ली ओट्यावर येते. हिवाळ्यात लाईट गेली तर कोणी फारसं बोलत नाही, दार लावून माणसं अंथरुणात शिरतात. बारामती-इंदापूरकडे विजेवर घर गरम करायची रीतच नाही. त्यामुळे हिवाळ्यातल्या अंधाराचा थंडीशी काही संबंध असेल, असं आपल्याला वाटत नाही. पण तो आहे.

२००५ साली राज्य वीज मंडळाचं विभाजन झालं. त्याच सुमारास ‘भारनियमन’ हा शब्द घराघरांत पोचला आणि पुढची काही वर्षं मुक्कामाला राहिला. तालुक्यातल्या खेड्यांत दिवसाचे दहा-बारा तास लाईट नसायची. मी तेव्हा नुकतीच बी.एड. होऊन शाळेत लागले होते. रात्री कंदील मध्ये ठेवून उर्दूच्या वह्या उजवीकडून आणि मराठीच्या डावीकडून तपासायचे. बोटं इतकी गार पडायची की लाल पेन धरवत नसे. कंदिलाची काच हाच आमचा हीटर. धाब्याच्या जुन्या घरात जाड मातीच्या भिंती दिवसाची ऊब रात्री सोडायच्या. घरावर पत्रा आल्यावर ती सोय गेली. पत्रा जितक्या लवकर तापतो, तितक्याच लवकर गार होतो. उजनीच्या फुगवट्याकडच्या गावांत तर पहाटेच्या धुक्यात अंथरूणही ओलसर लागतं.

अशा घरात ऊब द्यायची ती कापसाने. दिवाळी सरली की आमच्या गल्लीत पिंजारी यायचे. खांद्यावर लांब कमान, तिला ताणून बांधलेली तात. अंगणात चादर अंथरून जुन्या गादीतला कापूस काढायचे आणि तात छेडत तो पिंजायचे. नदाफ, मन्सुरी ही आडनावं त्याच कामातून आली. कापूस स्वतः गरम नसतो. त्याच्या तंतूंत अडकलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. वापरून वापरून कापसाचे गठ्ठे पडतात, हवा निघून जाते आणि तीच दुलई गार वाटू लागते. पिंजारी त्या कापसात पुन्हा हवा भरायचा. आता हे काम दुकानात यंत्रावर होतं आणि फोमच्या गादीने तेही कमी केलं. पण ज्यांच्या घरी कापसाची गादी आहे त्यांनी ती फेकू नये. पिंजून घ्यावी, आठवड्यातून एकदा उन्हात टाकावी.

एक साधी गोष्ट दादीने शिकवली होती. थंडी वरून जितकी येते तितकीच खालून येते. फरशीवर झोपणाऱ्याने अंगावर दोन घेण्यापेक्षा एक अंगाखाली घ्यावी. जुन्या लुगड्यांची वाकळ खाली, दुलई वर, डोक्याला रुमाल, पायात मोजे. धनगरवाड्यातून आणलेलं घोंगडं असेल तर फारच उत्तम. चिंचोक्याची खळ दिलेलं ते घोंगडं नवीन असताना टोचतं, पण वारा आत येऊ देत नाही.

थंडीपेक्षा मला भीती वाटते ती शेगडीची. लाईट नाही, खोली गार आहे, घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस आहे. मग कोणीतरी कोळशाची पेटती शेगडी आत आणतं आणि दारं-खिडक्या लावून घेतं. कोळसा बंद खोलीत जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वासही नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही, असं समजू नये. लालबुंद निखाराच जास्त फसवतो. हवा न खेळणाऱ्या न्हाणीघरातला गॅस गिझरही तेच करतो. भारनियमनाच्या काळात अनेकांनी तो बसवला आणि अजून तो न्हाणीघराच्या आतच आहे. तो बाहेर बसवावा आणि फक्त पाण्याची नळी आत घ्यावी.

झोपण्याआधी घरातली आग आणि दिवे विझवावेत, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. दादीला रसायनशास्त्र येत नव्हतं, पण रोज रात्री तिची हाक असायची, “अंगार भार रख, फिर सो.” शेगडी अंगणात जायची तेव्हाच तिचा डोळा लागायचा. फजरच्या वजूचं पाणी ती चुलीच्या उरलेल्या आरावर ठेवायची. ज्याला थंड पाण्याने आजार वाढायची भीती आहे त्याला तयम्मुमची सवलत आहे, हेही आपल्या घरातल्या वृद्धांना आठवणीने सांगावं. २०३० साली जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा रमजान सुरू होईल. म्हणजे कडाक्याच्या थंडीतल्या सहरीचे दिवस परत येत आहेत.

ही सगळी घरात झोपणाऱ्यांची गोष्ट झाली. शेतीपंपाची थ्री फेज लाईट मात्र अनेक वर्षं पाळीने आली, एका आठवड्यात दिवसा आठ तास, दुसऱ्या आठवड्यात रात्री दहा तास. रात्रीची पाळी असली की उसाला, गव्हाला पाणी द्यायला माणूस रात्रीच जाणार. माझ्या वर्गातला एक मुलगा पहिल्याच तासाला बाकावर डोकं टेकून झोपायचा. विचारल्यावर म्हणाला, “मॅडम, अब्बा दारं धरतात, मी बॅटरी धरतो.” गुडघाभर गार पाण्यात बाप आणि बांधावर बॅटरी घेऊन पोरगा. साप-विंचवाची भीती वेगळीच. त्याला उठवून धडा वाचायला लावण्यात अर्थ नव्हता. मी त्याला मधल्या सुट्टीपर्यंत झोपू दिलं आणि धडा नंतर शिकवला.

दिवसा वीज देणं अशक्य नाही. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. उद्देश हाच, की शेतीला उन्हाच्या वेळी उन्हाचीच वीज मिळावी. ती जिथे पोचली तिथलं शेतकऱ्याचं पोर रात्री अंथरुणात झोपू शकतं. ज्या गावात अजून रात्रीचीच पाळी आहे, तिथे ग्रामसभेत हा प्रश्न विचारला पाहिजे. आणि तो मुस्लिम शेतकऱ्याने विचारावा की मराठा, धनगर शेतकऱ्याने, याने पाण्याच्या गारठ्यात काही फरक पडत नाही.

कारखान्यांच्या गळीत हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्या आपल्याच शिवारात असतात. त्यांच्याकडे लाईट जात नाही, कारण ती आलेलीच नसते. थंडीत आपण ब्लँकेटं वाटतो, फोटो काढतो. वाटावीतच. पण देताना एक अंगाखाली घालायलाही द्यावं, आणि शेगडी कोपीबाहेर ठेवा, एवढं सांगूनच परत फिरावं.