न पडलेली ओळ

अ‍ॅक्सेस लॉगमधली ओळ रिक्वेस्ट आल्यावर पडत नाही, ती संपल्यावर पडते. आमच्या धंद्यातल्या कुणाला हे सांगावं लागत नाही. पण ऐन वेळी टेल लावून बसलेल्यांपैकी फार थोड्यांच्या ते ध्यानात असतं. मी वीसेक वर्षं लिनक्सचे सर्व्हर सांभाळतो आहे. गेल्या वर्षी इचलकरंजीहून एक मुलगी माझ्या हाताखाली आली आणि एका दुपारी तिने विचारलं, "सर, जे अजून आत अडकलेत, ते कुठे दिसतात?" तेव्हापासून माझं लॉग वाचणं बदललं.

त्या दुपारी एका परीक्षेचा निकाल होता, एक वाजता. पुढे एन्जिनेक्स, मागे पीएचपी चालवणारा अपाची, त्याच्यामागे डेटाबेस, अशी नेहमीचीच मांडणी. एकच्या ठोक्याला अपाचीच्या लॉगमधल्या ओळी डोळ्यांना पकडता येणार नाहीत अशा धावायला लागल्या आणि थोड्याच वेळात थंडावल्या. माझ्यामागे उभा असलेला एकजण म्हणाला, "उतरला लोड." लोड उतरला नव्हता. सगळे वर्कर डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत ताटकळले होते, कुणाचंच काम पुरं होत नव्हतं, म्हणून ओळ पडत नव्हती. हॉस्पिटलच्या रजिस्टरात फक्त डिस्चार्ज मिळालेल्यांचीच नावं लिहायची असं ठरवलं, तर साथ ऐन भरात असताना ते रजिस्टर जवळजवळ कोरं राहील. अ‍ॅक्सेस लॉग असाच आहे. एरर लॉगमध्ये वर्करची मर्यादा गाठल्याची ओळ होती खरी, पण प्रीफोर्कमध्ये ती एकदाच पडते. नंतर तीन हजार पोरं दाराशी उभी राहिली काय आणि तीस हजार काय, अपाची पुन्हा बोलत नाही.

एन्जिनेक्सचा लॉग मात्र बोलत होता. एकाच पत्त्यावरून एकच सीट नंबर, स्टेटस ४९९, लागलेला वेळ आठ सेकंद. पुन्हा तोच नंबर, ४९९, सहा सेकंद. मग चार. मग दोन. ४९९ म्हणजे उत्तर यायच्या आत समोरच्याने कनेक्शन तोडलं. हा एन्जिनेक्सचा स्वतःचा आकडा, एचटीटीपीच्या अधिकृत यादीत तो नाही. मूल रिफ्रेश दाबत होतं आणि प्रत्येक वेळी त्याचा धीर कमी होत होता. अधूनमधून एखादी ५०४ ची ओळ, बरोबर साठ सेकंदांची. तिथे कुणीतरी बोट न हलवता बसून राहिलं होतं, बहुधा एखाद्या मुलीचे वडील. ब्राउझर निघून गेला हे एन्जिनेक्सला कळतं. मागच्या पीएचपीला ते काहीतरी छापायला जाईपर्यंत कळत नाही, आणि डेटाबेसमधली क्वेरी तर कुणाची वाट न बघता चालूच राहते. म्हणजे एका मुलाच्या चार रिफ्रेशच्या चार क्वेऱ्या आत जिवंत होत्या. जेवढी अधीरता जास्त, तेवढी रांग लांब. हे मी लॉगमधून वाचू शकलो, पण सारं उलटून गेल्यावर, आणि तिचा प्रश्न तोपर्यंत टेबलावर तसाच पडून होता.

त्यावर मी बरेच दिवस घालवले. पहिली अडचण वेळेची. अपाची ओळीत रिक्वेस्ट आल्याची वेळ लिहितो, एन्जिनेक्स ओळ पडतानाची, म्हणजे शेवटाची. दोन्ही लॉग शेजारी ठेवले तर एकच रिक्वेस्ट साठ सेकंदांच्या अंतराने दिसते आणि माणूस त्या दोन वेगळ्या समजून पुढे जातो. अपाचीच्या फाइलमध्ये ओळी शेवटाच्या क्रमाने पण सुरुवातीच्या वेळा घेऊन येतात, त्यामुळे एक वाजून पाच मिनिटांच्या खाली एक वाजून चार सेकंद असं काहीही सापडतं. शिवाय नव्वदच्या दशकात इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसएच्या सर्व्हरबरोबर आलेला कॉमन लॉग फॉरमॅट अजून घरोघरी चालू आहे. त्यात पुढे रेफरर आला, ब्राउझरचं नाव आलं, पण किती वेळ लागला हा रकाना काही आला नाही. जो नवा सर्व्हर माझ्याकडे येतो त्यावर मी सगळ्यात आधी तो रकाना घालतो. बाकीचं ट्यूनिंग नंतर.

तो रकाना असला की एक गोष्ट करता येते. एन्जिनेक्सकडून मिलिसेकंदांपर्यंतची वेळ घ्यायची, तिच्यातून लागलेला वेळ वजा करायचा, म्हणजे सुरुवात मिळते. मग प्रत्येक ओळीच्या दोन नोंदी करायच्या: सुरुवातीच्या क्षणाला अधिक एक, शेवटाच्या क्षणाला वजा एक. सगळं सॉर्ट करायचं, एकाच क्षणी दोन्ही आले तर वजा आधी घ्यायचं, आणि ऑकमध्ये बेरीज पुढे नेत जायची. कुठल्याही क्षणी आत किती जण होते ते ही बेरीज सांगते. निकालाच्या त्या दुपारी ओळींची संख्या खाली जात होती त्याच मिनिटांत ही बेरीज भिंतीसारखी सरळ वर गेलेली होती. मी तो आलेख छापून घेतला. इतकी वर्षं ऑक वापरून इतकं समाधान क्वचितच मिळालं असेल.

ती तो बघून म्हणाली, "पण सर, हे तरी संपलेल्यांचंच आहे ना?"

बरोबर होतं तिचं. ज्या वर्करला कर्नलच्या ओओएम किलरने मध्येच उचललं, त्याची ओळ अपाचीच्या लॉगमध्ये ना तेव्हा पडली ना नंतर. त्याच्यासाठी वजा करायलाच काही नाही. अपाचीमध्ये यावर जुना इलाज आहे, फॉरेन्सिक लॉगचं मॉड्यूल: काम सुरू करताना अधिक चिन्हाची ओळ, संपल्यावर त्याच क्रमांकाची वजा चिन्हाची. ज्यांना अधिक आहे आणि वजा नाही, ते आत मेलेले किंवा अजून अडकलेले. तिने ते शोधून काढलं आणि सगळ्या सर्व्हरवर कायमचं चालू करूया म्हणून मागे लागली. मी नको म्हटलं. डिस्कवर लिहिणं वाढतं हे एक, पण माझं खरं कारण दुसरं आहे: ते मॉड्यूल हेडर जसेच्या तसे लिहितं, म्हणजे कुकी आणि पासवर्डचं हेडरसुद्धा. आधीच त्या निकालाच्या साइटवर सीट नंबर आणि जन्मतारीख पानाच्या पत्त्यातच जात होते, गेट वापरल्यामुळे. माझ्या लॉग फोल्डरमध्ये हजारो मुलांच्या जन्मतारखा पडून होत्या आणि बॅकअपबरोबर आणखी दोन ठिकाणी गेल्या होत्या. पोस्ट वापरा म्हणून मी साइट बनवणाऱ्यांच्या मागे लागलो तेव्हा "चालतंय ना" एवढं उत्तर मिळालं. लॉगमध्ये काय येऊ नये याचा विचार साइट बांधतानाच करावा लागतो, आणि तो करणारा माणूस मला अजून फारसा भेटलेला नाही.

अडकलेल्याची खूण आणखी एका जागी सापडते, ती लॉग फिरवताना. लॉगरोटेट फाइलचं नाव बदलतो, सर्व्हरला सिग्नल जातो, नवे वर्कर नवी फाइल उघडतात. पण जुन्या वर्करकडे एखादी रिक्वेस्ट शिल्लक असेल तर तो जुनी फाइल धरून बसतो आणि तिच्यातच लिहितो. म्हणूनच आदल्या रात्रीची फाइल लगेच दाबून गझिप करायची नसते. आणि म्हणूनच कधीकधी फाइल पुसली तरी डिस्क रिकामी होत नाही: डीएफ भरलेली दाखवतो, डीयू मोकळी. पोरं गोंधळतात, सर्व्हरच रीस्टार्ट करतात. एलएसओएफ चालवून बघितलं तर पुसलेली फाइल हातात घेऊन बसलेली प्रोसेस दिसते, आणि ती कशासाठी थांबली आहे हे बघितलं की बऱ्याच वेळा आजाराचं मूळच सापडतं. रीस्टार्टने डिस्क मोकळी होते आणि तो एकमेव साक्षीदार जातो.

हल्ली फाइलच उरलेल्या नाहीत. कुबरनेटीसमध्ये कंटेनर आपलं बोलणं बाहेर टाकतो आणि कुबलेट डिफॉल्टने दहा एमबीच्या पाच फाइली ठेवतो. निकालाच्या दिवशी पन्नास एमबी कुठे पुरणार? मग सगळं गोळा करणारी भाड्याची सेवा येते, ती जीबीवर पैसे लावते, म्हणून कुणीतरी दोनशेच्या ओळी गाळायला सांगतो. वर रंगीत पडद्यावर सरासरी. त्या सरासरीवर माझा राग आहे. निकालाचं पान अडकलेलं असताना लोगो आणि स्टाइलशीट मात्र झटपट संपत असतात, ओळी त्यांच्याच पडतात, आणि साइट पूर्ण बसलेली असताना प्रतिसादाची सरासरी सुधारलेली दिसते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पडदा खोटं बोलत नाही, त्याला मिळालेल्या ओळींचीच सरासरी तो काढतो. पण तो पाहून मीटिंगमध्ये निर्णय घेणाऱ्यांना ओळ कधी पडते हे माहीत नसतं. स्टीफन टर्नर यांनी आपल्या अ‍ॅनालॉग या लॉग तपासणाऱ्या प्रोग्रॅमबरोबर एक टिपण दिलं होतं: लॉगवरून काय कळत नाही, किती माणसं येऊन गेली हेसुद्धा का कळत नाही. आपल्याच प्रोग्रॅमच्या मर्यादा इतक्या ठळकपणे सांगणारा दुसरा लेखक मला माहीत नाही. आज एका मोबाइल कंपनीच्या एका पत्त्याआड हजारो माणसं असतात, आणि तरी गिऱ्हाईक विचारतं, "व्हिजिटर किती?"

सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात १८० दिवसांचे लॉग देशात ठेवायला सांगितले आणि घड्याळं एनआयसी किंवा नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीच्या वेळेशी जुळवायला सांगितली. त्यातलं घड्याळाचं कलम मला जास्त मोलाचं वाटतं. लॉग सगळेच साठवतात. पुढच्या आणि मागच्या सर्व्हरच्या घड्याळांत दोन सेकंदांचा फरक असेल, तर दोन्ही लॉग जुळवणं वाया.

एक सांगायला हवं. काही बिघडलं की लोक माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहतात आणि मी एकामागून एक पाइप लावत जातो, ग्रेप, ऑक, सॉर्ट, युनिक, आणि शेवटी एक पत्ता किंवा एक पान पडद्यावर एकटं उरतं. ते मला फार आवडतं. ते आवडावं म्हणून मी कधीकधी दोन पायऱ्यांचं काम पाच पायऱ्यांत केलं आहे. तिचा प्रश्न मला टोचला तो यासाठीच: माझं सगळं कसब पडलेल्या ओळींवर होतं आणि ती न पडलेल्यांबद्दल विचारत होती. तिला उत्तर द्यायच्या आधी घरी बसून आपण ते शोधून काढावं, आणि ती विचारेल तेव्हा ते मला आधीच ठाऊक असावं, अशी माझी धडपड होती.

आता आमचं असं ठरलं आहे: फॉरेन्सिक लॉग फक्त निकालाच्या दिवशी, वेगळ्या डिस्कवर, हेडर गाळून झाल्यावर मूळ फाइल नष्ट. रोज मात्र दर पाच सेकंदांनी अपाचीच्या स्टेटस पानाची नक्कल घ्यायची. त्या पानावर प्रत्येक वर्करचं एक अक्षर असतं. मोकळ्याला आडवी रेघ, उत्तर तयार करण्यात गुंतलेल्याला डब्ल्यू. निकालाच्या दुपारी तिथे ओळीच्या ओळी डब्ल्यूने भरलेल्या दिसतात. संपलेलं नाही ते दाखवणारी माझ्याजवळची ही एकच सोपी जागा आहे.

तिचं समाधान झालेलं नाही. गेल्या आठवड्यात तिने एसएस लावून ऐकणाऱ्या पोर्टचा रिसीव्ह-क्यू दाखवला. ही कनेक्शनं कर्नलने घेतली आहेत पण एन्जिनेक्सने अजून उचललेली नाहीत. त्याच्या रांगेची मर्यादा लिनक्सवर डिफॉल्टने ५११, आणि ती भरली की पुढच्यांची हाकच ऐकली जात नाही. फॉरेन्सिकची अधिक चिन्हाची ओळसुद्धा हेडर वाचून झाल्यावर पडते, म्हणजे या मंडळींची नोंद तिथेही नाही. ही रांग सतत मोजत राहायची असं ती म्हणते. माझं म्हणणं, एवढी रांग भरेपर्यंत साइट गेलेलीच असते, तो आकडा घेऊन करायचं काय? ती म्हणते, "करायचं नंतर बघू सर, किती जण बाहेर उभे होते ते तरी कळेल." पुढच्या निकालाला आम्ही तो आकडा लिहून ठेवणार आहोत. स्क्रिप्ट तिची आहे.