पिऱ्हसची तिजोरी

शनिवार, ८ जून
‘रोम: टोटल वॉर’ हा २००४ सालचा गेम. त्यावर हौशी मंडळींनी रचलेला ‘युरोपा बार्बरोरम’ हा मॉड आज पुन्हा टाकला. साल इ.स.पू. २७२, राज्य एपिरस, राजा पिऱ्हस. दारात हत्ती झुलताहेत आणि तिजोरीत खडखडाट! मूळ गेममध्ये वर्षाला दोन टर्न, इथे चार. दर टर्नला फौजेचा पगार दत्त म्हणून उभा. शिल्लक शून्याखाली गेली की ना नवी इमारत, ना नवा शिपाई.

रविवार, ९ जून
शहरांचा हिशेब काढून बसलो. माझ्या ताब्यातलं टारस हे शहर तोट्यात दिसतं, पण तो आकडा फसवा आहे. गेम अख्ख्या फौजेचा अपकीप, म्हणजे तिला पोसायचा खर्च, लोकसंख्येच्या प्रमाणात शहरांवर वाटून दाखवतो. शहर मोठं, म्हणून वाटा मोठा. वैतागून टारस सोडलं, तर तिथला कर आणि बंदराचा व्यापार बुडेल. त्याच्या नावावरचा खर्च मात्र उरलेल्या शहरांच्या बोकांडी बसेल. शेती, व्यापार, कर असं सगळं मिळून जे येतं, त्याहून जास्त फौज खाते. दुखणं तिथे आहे.

मंगळवार, ११ जून
कर वाढवता येतो. पण मग लोकसंख्या वाढायची थांबते, लोक बिथरतात, त्यांना धाकात ठेवायला शिबंदी लागते आणि शिबंदी म्हणजे पुन्हा अपकीप. म्हणून कात्री खर्चालाच लावली. बंदरात नुसती उभी असलेली जहाजं आधी काढली. भाडोत्री तुकड्या शहरात आणून मोडल्या. शहरात मोडलेल्या तुकडीतली माणसं तिथल्या लोकसंख्येत जमा होतात. कालपर्यंत पगार खाणारा आता कर भरणार. हत्तींपाशी मात्र हात आखडला. राहू देत.

शुक्रवार, १४ जून
वकील शेजारच्या दरबारी धाडले. व्यापाराचे करार झाले, नकाशे विकून रोकड आली. ती रस्त्यांत घातली.
रात्री प्लुटार्कने लिहिलेलं पिऱ्हसचं चरित्र काढलं. बेनेव्हेंटमच्या लढाईनंतर (इ.स.पू. २७५) तो इटलीहून परतला, तेव्हा त्याच्याकडे आठ हजार पायदळ आणि पाचशे घोडेस्वार होते, पैसा नव्हता. प्लुटार्क म्हणतो, फौज पोसायची म्हणून तो युद्ध शोधू लागला. आधी मॅसिडोनिया, मग स्पार्टा, मग आर्गोस. आर्गोसमध्ये त्याचाच एक हत्ती वेशीत आडवा पडला आणि सैन्याची परतीची वाट अडली. गल्लीतल्या झुंजीत एका बाईने वरून कौल फेकून मारलं आणि राजा कोसळला. साल गेम सुरू होतो तेच, इ.स.पू. २७२.

रविवार, १६ जून
शिल्लक वर चढू लागली आहे, हळूहळू पण दर टर्नला. शहर जिंकलं की लूट एकदाच मिळते, पगार कायमचा द्यावा लागतो. पिऱ्हसचं गणित इथेच चुकलं. एपिरस घेऊन खेळायला बसणाऱ्यांनी पहिल्या टर्नला लढाईच्या मागे न लागता जमाखर्चाचं पान उघडावं. हत्ती ठेवायचे असतील तर खुशाल ठेवा. त्यांच्यापायी काय काय मोडणार, ते मात्र त्याच टर्नला ठरवा.