रिपरची रोजनिशी

१८ फेब्रुवारी
खोडवा निघाला. कारखान्याच्या ट्रॉल्या ओल्या रानातून गेल्या, त्यांच्या चाकोऱ्या अजून तशाच आहेत. दुपारी मधोमध कमरेइतका खड्डा घेतला. वरची वीतभर माती भुसभुशीत. त्याखाली साधारण २० ते ३० सेंटिमीटरच्या दरम्यान थर असा दडपलेला, की खुरपं लावलं तर खणखणतं. उसाची मुळं तिथवर सरळ आली आहेत आणि मग आडवी वळून थराच्या पाठीवरून पसरली आहेत. थराच्या खाली ओल चांगली आहे, पण तिथवर एकही मूळ पोचलेलं नाही. वर्षानुवर्षं एकाच खोलीला नांगर आणि रोटर, वरून ट्रॉल्यांचं ओझं. दुसरं काय होणार?

तात्या काठावर उभे राहून म्हणाले, "मोठा ट्रॅक्टर सांग तासावर. सबसॉयलर घालून जाईल." सांगता येईल. पण मोठ्या ट्रॅक्टरचं वजनही त्याच रानावरून फिरणार. शिवाय मे महिन्यात सगळ्यांनाच तो हवा असतो. आपली पाळी येईतो वळवाचा पाऊस आलेला असतो.

दारात आपली गाडी, बी-२७५ ट्रॅक्टर, उभी आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टर, महिंद्र आणि व्होल्टास यांनी १९६३ मध्ये मुंबईत जी कंपनी काढली, तिच्या काळातलं हे मॉडेल. ३५ घोड्यांचं इंजिन, अजून अर्ध्या हाकेत चालू होतं. तिच्या मागे हा थर फोडणारा एका फाळाचा रिपर बसेल का, एवढाच प्रश्न आहे.

२१ फेब्रुवारी
गाडी काट्यावर नेली. माझ्यासकट १,७८० किलो भरली.

रात्री हिशेब मांडला. कोरड्या रानात चाक फारसं न घसरता गाडी आपल्या वजनाच्या निम्मी ओढ देते असं धरायचं, म्हणजे सुमारे ९०० किलो. भारी काळ्या मातीत ३५ सेंटिमीटर खोल एक अरुंद फाळ ओढायला लागते तीही जवळपास ९००. आता घोडे मोजले: हजार किलो ओढ, ताशी तीन किलोमीटर वेग, म्हणजे ११ घोड्यांच्या आसपास. इंजिनाला हे काहीच नाही. ताकद मुबलक आहे, कमी पडतंय ते वजन. तेव्हा मागच्या चाकांत पाणी भरायचं आणि ३५ सेंटिमीटरच्या खाली जायची हाव धरायची नाही. थर ३० ला संपतो, म्हणजे तेवढं पुरतं.

२ मार्च
भंगारात गेलो. वाटेत किर्लोस्करवाडीचं फाटक लागलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडानं जमीन नासते म्हणून लोक तो घ्यायला धजत नव्हते म्हणतात. आता त्याच लोखंडानं दडपलेली जमीन उकलायला मी लोखंडच शोधतोय.

मिळालं ते असं: २५ मिलिमीटर जाडीची, १५० रुंदीची पट्टी, मीटरभराला थोडी कमी. हा झाला उभा दांडा. आडव्या बारसाठी १०० बाय ५० चं चॅनेल, गंज वरवरचा. ट्रकच्या कमानीचे दोन पाटे, टोकासाठी. सगळं किलोवर घेतलं. भंगारवाल्यानं चॅनेल नव्याच्या भावात लावून पाहिलं. चहा झाल्यावर उतरला.

९ मार्च
मिस्त्रींच्या शेडमध्ये. थ्री पॉइंट लिंकेजची मापं ठरलेली असतात, त्यात डोकं चालवायचं नाही: खालच्या दोन पिना २२ मिलिमीटरच्या, त्यांच्यातलं अंतर ६८ सेंटिमीटरच्या किंचित वर, टॉप लिंकची पिन १९ ची, खालच्या पिनांपासून ४६ सेंटिमीटर उंच. हॅरी फर्ग्युसननं बसवलेली ही जोडणी आज जगभर चालते, म्हणून कुणाचंही अवजार त्याच मापाच्या कुणाच्याही गाडीला लागतं.

चॅनेलचे दोन तुकडे समोरासमोर ठेवून पेटी वेल्ड केली, मधोमध दांड्यासाठी दोन जाड पट्ट्या उभ्या केल्या. मिस्त्री म्हणाले, "मास्तर, दांडा सरळ वेल्ड करून टाकू, हाय काय त्यात?" नको म्हटलं. दांडा बोल्टावरच पाहिजे.

१४ मार्च
आजचा दिवस टोकाचा. टोक जमिनीशी किती कोनात बसतं यावर सगळी ओढ ठरते. उभट बसलं तर मातीला रेटत जातं आणि गाडी गुरगुरते. २० ते २५ अंशांत निजवलं तर मातीखाली शिरून तिला वर उचलतं, शिवाय स्वतःच खाली ओढलं जातं. मिस्त्रींनी पत्र्याचा २२ अंशांचा साचा कापला आणि त्यावर पाटा टेकवून टाके मारले. पाट्याचं पोलाद कडक, थंडपणी वेल्ड केलं तर कडेनं तडकतं. म्हणून आधी गॅसनं तापवलं, भट्टीत वाळवलेल्या लो हायड्रोजन रॉडनं वेल्ड भरलं आणि मग राखेत पुरून सावकाश निवू दिलं. घाई केली असती तर पहिल्याच दगडाला टोक गळून पडलं असतं.

टोकाची रुंदी सात सेंटिमीटर. हा आकडा अंदाजाचा नाही. फाळ आपल्या रुंदीच्या साधारण पाच ते सात पट खोलीपर्यंतच माती वर उचलून फोडतो. त्याखाली गेला की माती फुटत नाही, दोन्ही बाजूंना दाबली जाते. म्हणजे पैसे खर्चून नवा थर तयार करायचा! सात सेंटिमीटरला ३५ ची खोली हिशेबात बसते. इंग्लंडमध्ये स्पूर आणि गॉडविन यांनी १९७८ मध्ये प्रयोग करून दाखवलं होतं, की टोकाला पंख लावले आणि पुढे उथळ फाळ चालवले तर तेवढ्याच ओढीच्या मानानं जास्त माती मोकळी होते. पंख माझ्या गाडीला झेपणारे नाहीत. उथळ फाळांचं काम मात्र फुकटात होतं: आधी मोगडा घालून घ्यायचा, मग रिपर.

१६ मार्च
बोल्टाचा हिशेब. दांडा वरच्या एका जाड पिनेवर झुलतो आणि तिच्यापासून १२ सेंटिमीटरवर एक बोल्ट त्याला धरून ठेवतो. पिनेपासून टोक ६५ सेंटिमीटर खाली. टोकाशी हजार किलोचा झटका आला की या तरफेनं बोल्टावर साडेपाच हजारांच्या आसपास येतात. साधा १२ मिलिमीटरचा, ४.६ ग्रेडचा बोल्ट दोन्ही बाजूंनी कापला जायला जवळपास एवढंच लागतं. म्हणजे दगड लागला तर वीसेक रुपयांचा बोल्ट तुटेल, दांडा मागे वळेल आणि गाडीचं हाउसिंग वाचेल.

मिस्त्रींनी ८.८ चा बोल्ट पुढे केला, "हा तुटायचाच नाही." म्हटलं, तोच तर नको आहे.

२८ मार्च
आमच्या गाडीचं हायड्रॉलिक फक्त उचलतं आणि सोडतं. ओढ वाढली की आपोआप वर घेणं त्याला ठाऊक नाही. रिपर तर स्वतःच खाली धावणारा. म्हणून दोन्ही खालच्या आर्मना वरून साखळ्या लावल्या. आर्म ठरलेल्या खोलीला आले की साखळ्या ताठ होतात. टॉप लिंक थोडी आखडून टोक हवं तेवढं पुढे झुकवलं.

पोराला बजावलं: रिपर अडकला तर साखळदंड टॉप लिंकच्या जागी किंवा एक्सलला वर बांधून ओढायचं नाही. ओढ वर लागली की पुढची चाकं उचलतात आणि गाडी मागे उलटते. चालवणाऱ्याला उतरायलाही वेळ मिळत नाही. अडकला तर थांबायचं, उचलायचं, मागे घ्यायचं.

११ एप्रिल
तात्या घाईला आलेत. पण वेळ मातीला विचारून ठरवायची. ३५ सेंटिमीटर खालची माती काढून तळहातावर वळून बघितली: वात होते, मोडत नाही. अशा ओलीत रिपर लोण्यातल्या सुरीसारखा नुसता चीर पाडत जाईल, थर फुटणार नाही, कडा मात्र गुळगुळीत लिंपल्या जातील. थांबलो.

२४ एप्रिल
वात वळता वळता तुटली. मोगडा कालच झाला होता.

लो गिअरमध्ये, माणूस चालेल त्या वेगानं. टोक शिरलं तशी गाडी बसली, आवाज भरला. दांड्याच्या दोन्ही अंगांनी जमीन उचलली जात होती, ढेकळं सुटी होत होती आणि वाफसलेल्या मातीचा वास सुटला होता. बांधाजवळ बोल्ट तुटला. खाली जुन्या विहिरीचा दगड निघाला. बाकी सगळं शाबूत. नवा बोल्ट घातला आणि पुढे निघालो.

सगळं रान फोडायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. फाळ गाडीच्या मधोमध. हात-हात अंतरावर तास घेतले असते, तर मागचं चाक प्रत्येक वेळी नुकत्याच फोडलेल्या तासावरून गेलं असतं. म्हणून पाच फुटांवर एक रेघ, जिथं आडसाली उसाची सरी येणार तिथंच. चाकं दोन रेघांच्या मधल्या पट्ट्यावरून जातात. डिझेलही एकतृतीयांशावर येतं. मोठ्या ट्रॅक्टरवाल्याला हा विचार करावा लागत नाही. आम्हाला लागला, ते बरंच झालं.

२५ एप्रिल
रेघेला आडवा चर खणला. तळाशी सात सेंटिमीटर, वर येईतो जवळजवळ दोन फूट रुंद, अशी मोकळी माती. थराचे तुकडे झालेत, कडा खडबडीत आहेत. दोन रेघांच्या मधला थर तसाच आहे. तो चाकांसाठी आहे.

१२ जून
पहिला चांगला पाऊस. शेजारच्या तुकड्यात पाणी साचलं, इथं रेघांमधून मुरलं. यावर खूश होऊन बसण्यात अर्थ नाही. काळी माती फुगते, सरकते. रिपरनं उघडलेली वाट एक-दोन पावसाळ्यांत मिटते. ती उघडी ठेवायची तर मुळंच हवीत. ताग पेरला आहे, लागणीआधी गाडायचा. तोडणीला ट्रॉली आली की ती मधल्या पट्ट्यावरूनच जाईल, हे मुकादमाला आधी सांगून ठेवायचं. ते पाळलं गेलं नाही तर हे सगळं लोखंड वाया.

२० जून
शेजारचे अण्णा रिपर मागायला आले. पुढच्या उन्हाळ्यात नेतील. द्यायला काहीच हरकत नाही, अटी सांगितल्या: टोक जमिनीत असताना गाडी वळवायची नाही, आधी उचलायचं, ओल्या रानात घालायचा नाही, आणि बोल्ट ४.६ चेच, स्वतःचे आणायचे. अण्णा म्हणाले, "भाडं काय?" म्हटलं, भाडं नको. आधी खड्डा खणा. थर नसेल तर रिपर नेऊच नका.