आधी सेटिंग, मग कार्ड

नागोया, मंगळवार

ती. दादास, सा. न.

सुखरूप पोचले. आईला सांग, भात रोज मिळतो आणि लसणाची चटणी पुरवून पुरवून खातेय.

आज टोयोटाच्या उद्योग-संग्रहालयात गेले. लाल विटांची जुनी इमारत. मोटारीचा विचारही नव्हता तेव्हा साकिची तोयोदा याच जागेवर मागांचे प्रयोग करत. सुताराचा मुलगा. त्यांचा 1924 चा स्वयंचलित माग तिथे अजून चालवून दाखवतात. सुट्टीत इचलकरंजीला मामांकडे आपण मागांच्या खडखडाटातच झोपायचो ना, मला तिथून हलवेना. धोट्यातलं सूत संपत आलं की चालू मागावरच धोटा बदलला जातो. ताण्याच्या एकेका धाग्यावर एक पातळ पोलादी पट्टी लोंबत असते. दाखवणाऱ्या बाईंनी एक धागा मुद्दाम तोडला. पट्टी टपकन खाली पडली आणि माग उभा राहिला.

बस, एवढंच. पण त्यामुळे खराब कापड विणलंच जात नाही, आणि मागाकडे टक लावून माणूस उभा करावा लागत नाही; एकजण कितीतरी माग सांभाळतो. 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने याचे हक्क विकत घेतले. पुढे साकिचींच्या मुलाने, किइचिरोंनी, 1937 मध्ये टोयोटा ही मोटार कंपनी काढली. चूक झाली की तिथल्या तिथे थांबायचं, ही गोष्ट तिकडे मागावरून आली. आपल्या वर्कशॉपमध्ये नगाचा बोअर मोठा जातोय हे फायनल इन्स्पेक्शनला कळतं, तोवर बिन भरलेला असतो.

तुझी, मीनल

नागोया, गुरुवार रात्र

ती. दादास, सा. न.

आज टोयोटा शहरात कारखाना पाहिला. गावाचं जुनं नाव कोरोमो. 1959 मध्ये कंपनीच्या नावावरून बदललं. वरच्या जाळीच्या वाटेवरून लाइन दिसते, फोटो काढू देत नाहीत. एकामागून एक वेगवेगळ्या मॉडेलच्या गाड्या येत होत्या. एका मुलाने डोक्यावरची दोरी ओढली, सूर वाजला, बोर्डावर त्याच्या जागेचा आकडा पेटला आणि टीम लीडर चालत आला. कोणी ओरडलं नाही. ठरलेल्या रेषेपर्यंत काम निस्तरलं म्हणून लाइन चालू राहिली. नाहीतर थांबली असती. लाइन थांबवायचा हक्क त्या पोराच्या हातात आहे, हे मला सगळ्यात मोठं वाटलं.

ज्यांनी हे बसवलं ते ताइइची ओनो कापडगिरणीतूनच 1943 मध्ये मोटारीकडे आले. 1950 मध्ये कंपनी बुडायच्या बेतात होती, माणसं कमी करावी लागली, संप झाला, किइचिरोंनी राजीनामा दिला. न विकलेला माल माणसांच्या पोटावर येतो, हे ओनोंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. अमेरिकेतल्या सुपरमार्केटची रीत त्यांनी उचलली: फळीवरून जेवढं गेलं, तेवढंच मागून भरायचं. त्यासाठी कानबान कार्ड. कार्डावर भाग कोणता, खोक्यात नग किती, कुठून कुठे जायचं. कार्ड परत आल्याशिवाय मागच्याने एकही नग बनवायचा नाही.

दादा, आपल्याकडे मोठ्या कंपन्यांनी यातलं फक्त कार्ड उचललं. त्यांच्या स्टोअरमध्ये माल शून्य आणि गेटाबाहेर आपल्यासारख्या व्हेंडरने भाड्याने घेतलेल्या गोडाऊनमध्ये पंधरा दिवसांचा. माल तोच, व्याज आपलं. महिन्याचे पहिले वीस दिवस शेड्यूल हलत नाही आणि शेवटच्या आठवड्यात फोनवर फोन. मागणीप्रमाणे पुरवठा म्हणजे हे नव्हे, असं मी आता छातीठोक सांगेन. इथे आधी कंपनी स्वतःची लाइन सपाट करते. सोमवारी सगळ्या सेडान आणि मंगळवारी सगळ्या व्हॅन, असं करत नाही. रोज थोडं थोडं सगळं. म्हणून पुरवठादारालाही रोज जवळपास सारखंच लागतं, आणि तो निवांत थोडं थोडं बनवू शकतो.

पण थोडं थोडं बनवायला सेटिंग पटकन व्हावं लागतं. 1000 टनी प्रेसची डाय बदलायला इथे चार तास जायचे. शिगेओ शिंगोंनी ते आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणलं. मशीन चालू असताना उरकता येईल ते आधीच उरकायचं, मशीन बंद असतानाच होईल तेवढंच शेवटी ठेवायचं. आपण हजार हजार नगांचे लॉट काढतो ते सेटिंगच्या भीतीपोटी. कंपनीचं शेड्यूल आपल्या हातात नाही, सेटिंग आहे.

मीनल

कारिया, शनिवार

ती. दादास, सा. न.

माल कमी ठेवला आणि एक दिवस काही घडलं तर, हा तुझा नेहमीचा प्रश्न. त्याचं उत्तर याच गावात आहे. 1 फेब्रुवारी 1997 ला पहाटे इथल्या आयसिनच्या कारखान्याला आग लागली. मागच्या चाकांच्या ब्रेकचा दाब सांभाळणारा एक छोटा व्हॉल्व्ह टोयोटासाठी जवळजवळ सगळा इथेच बनायचा. थोड्याच दिवसांत टोयोटाचे जपानमधले बहुतेक सगळे कारखाने थांबले.

मग ड्रॉइंग वाटली गेली, आणि लहानमोठ्या मिळून सुमारे दोनशे कंपन्या कामाला लागल्या. शिलाई मशीन बनवणाऱ्या ब्रदरनेसुद्धा मिलिंग मशीन जुळवून व्हॉल्व्ह काढले. आधी दर ठरवा, मग बनवतो, असं कोणी म्हटलं नाही. आठवड्याभरात गाड्या पुन्हा निघू लागल्या. नंतर टोयोटाने थेट पुरवठादारांना, त्यांनी त्या तिमाहीत टोयोटाला केलेल्या विक्रीच्या 1 टक्का रक्कम वर दिली. व्हेंडर एका रात्रीत असे उभे राहतात ते वर्षानुवर्षं नीट वागवल्यावरच. डेबिट नोटांनी नाही.

आणि साठा नकोच, असा हट्टही इथे नाही. 2011 च्या भूकंपानंतर चिपसारख्या लवकर न मिळणाऱ्या भागांचा 2 ते 6 महिन्यांचा साठा पुरवठादारांना ठेवायला सांगितला गेला. जे गावात तासाभरात मिळतं ते साठवायचं नाही, जे मिळायला महिने लागतात ते मोजून ठेवायचं. आपल्याकडे बरोबर उलटं आहे: भोसरीत कोपऱ्यावर मिळणाऱ्या बोल्टांची पोती, आणि कटिंगचे इन्सर्ट मात्र संपल्यावर मागवायचे.

मी येईपर्यंत एक कर. दोन नंबरच्या सीएनसीवर शेवटचा चांगला नग निघाल्यापासून पुढच्या जॉबचा पहिला ओके नग निघेपर्यंतची मिनिटं वहीत लिहून घे. चकचे जॉ शोधण्यात किती, ऑफसेटमध्ये किती, क्वालिटीवाल्याची वाट बघण्यात किती, वेगवेगळं. ऑपरेटरला आधी सांग की यात त्याची चूक शोधायची नाहीये, नाहीतर आकडे खरे येणार नाहीत. आणि कच्चा माल, म्हणजे बार, महिन्याचा एकदम नको. बारवाला आठवड्याच्या आठवड्याला देईल का, ते विचारून ठेव.

तुझी, मीनल