टाकण्याचे इंग्रजी शब्द

घरांतील मुलें हल्लीं जुनी वस्तु 'टाकीत' नाहींत, 'डिस्कार्ड' करितात. हा शब्द मूळचा पत्त्यांच्या डावांतला. हातांतलें नको असलेलें पान टाकणें, एवढाच त्याचा अर्थ. 'डिच' म्हणजे चरांत लोटणें. 'स्क्रॅप'ला आमचें 'मोडींत काढणें' तोडीस तोड आहे.

आम्हांस यांत 'जेटिसन' अधिक आवडतो. वादळांत सांपडलेलें जहाज हलकें करण्याकरितां माल समुद्रांत फेकावा लागे. ज्याचा माल गेला त्याचें नुकसान वांचलेल्या मालाच्या धन्यांनीं व जहाजवाल्यानें हिस्सेरशीनें सोसावें, हा नियम रोमन कायद्यांत होता व सागरी व्यापारांत अजून चालतो. एकत्र कुटुंबांत माळा रिकामा करतांना कोणाची पेटी आधीं जावी यावर धुसफूस होते, तेव्हां हा न्याय आम्हांस फार आठवतो.

मराठीचें 'टाकणें' मात्र फुटक्या घागरीस लागतें, तसेंच नवऱ्यानें घराबाहेर काढलेल्या स्त्रीसही. 'टाकलेली' म्हटलें कीं बोट तिच्याकडेच! 'परित्यक्ता' म्हटल्यानें तें वळत नाहीं. इंग्रजींत अशा नवऱ्यानें तिला 'डिझर्ट' केलें म्हणतात. पलटण सोडून पळालेल्या शिपायासही 'डिझर्टर'च म्हणतात. तेथें कलंक निदान पळणाऱ्याच्या नांवावर लागतो.