मोरोक्कोस जाताना

मोरोक्कोस निघालेली आपल्याकडील मंडळी मला भेटतात तेव्हा पहिला प्रश्न हटकून असतो तो जेवणाचा. तेथे भाज्या, ऑलिव्ह, खजूर आणि भट्टीतील गोल पाव यांची रेलचेल आहे. परंतु शुक्रवारी घरोघर होणारा सात भाज्यांचा कुसकुस बहुधा मांसाच्या रश्शावरच वाफवलेला असतो. ‘ब्ला ल्हम’, म्हणजे मांसावाचून, असे सांगितले की वाढणारा मोठ्या सौजन्याने वरचे तुकडे काढून घेतो, आणि रस्सा तोच राहतो! म्हणून रश्शाविषयी निराळे विचारावे. हरीरा नावाच्या कढणाविषयीही तेच. मला खरा आधार झाला तो बिसाऱ्याचा व झालूकचा. पहिले वालासारख्या एका कडधान्याचे दाट कढण, वर ऑलिव्ह तेल व जिरे. दुसरे वांगी-टोमॅटोचे, आपल्या भरताचे सख्खे भावंड. पावाचा तुकडा रस्त्यात पडलेला दिसला तर तेथील मनुष्य तो उचलून उंचवट्यावर ठेवतो. अन्नास पूर्णब्रह्म म्हणणाऱ्यास हे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट मनाच्या तयारीची. तेथील बहुतेक मशिदींत मुसलमानेतरांस प्रवेश नाही. कासाब्लांका येथील, १९९३ साली पूर्ण झालेली हसन द्वितीय मशीद हा मोठा अपवाद. ठराविक वेळी मार्गदर्शकासह ती आतून पाहता येते. हा निर्बंध फ्रेंच अमलात (१९१२ ते १९५६) ल्योते या पहिल्या रेसिडेंट-जनरलाने घातला, असे सांगतात. फेस येथील करवीयीन मशीद परंपरेनुसार ८५९ साली फातिमा अल-फिहरी या स्त्रीने स्थापिली. मी ती उघड्या दारातूनच पाहिली: उन्हात चमकणारा चौक, मधोमध पाण्याचे कारंजे. शेजारचे काही प्रवासी रुष्ट होऊन कुरकुरत होते. मला मात्र जगन्नाथपुरीच्या सिंहद्वाराबाहेर थांबविलेला परदेशी यात्रिक आठवला. त्याच्या मनात काय येत असेल, ते त्या उंबरठ्यावर प्रथमच उमगले. मनोमन नमस्कार करण्यास कोणाची आडकाठी नसते. चालू नमाजावर कॅमेरा मात्र रोखू नये.

फेसच्या जुन्या शहरात मोटारी नाहीत. ओझी गाढवे व खेचरे वाहतात. ‘बालाक!’ अशी आरोळी कानी येताच भिंतीला चिकटावे, अर्थ मागाहून विचारावा. चामडी कमावण्याचे कुंड पाहावयाचे तर नाकाशी पुदिना धरावा लागतो, कारण कातडी मऊ करण्यास कबुतरांची विष्ठा वापरतात. कातडे कोणत्या जनावराचे, हे ज्यास महत्त्वाचे वाटते त्याने खरेदीपूर्वी स्पष्ट विचारावे.

पैशांपुरते इतकेच की रुपयांवर विसंबू नये, युरो अथवा डॉलर न्यावेत. दिरहम देशाबाहेर सहसा बदलून मिळत नाहीत. उरलेले तेथेच बदलावेत व त्यासाठी पावत्या जपाव्यात. रमजानात गेल्यास दिवसा चारचौघांत खाऊ-पिऊ नये. आणि ऐन सूर्यास्ताला टॅक्सीची आशाही धरू नये. तो चालक त्या वेळी कोठेतरी हरीरा पीत बसलेला असतो.