कमांडच्या आधी शेल

हिंगणा एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांच्या सर्व्हरवर रात्रीच्या बॅकअपची स्क्रिप्ट असते. लिहिणारा केव्हाच नोकरी बदलून गेलेला असतो. ती सांभाळणं माझं काम. फोन ठरलेला: "भाऊ, बॅकअप तर होते, मंग लॉग फाइल रिकामी काहून येऊन राहिली?"

लोक कमांडवर संशय घेतात, मी शेलवर. कमांड सुरू होण्याआधीच शेलने कोट सोडवलेले असतात आणि > च्या पुढची फाइल कोरी करून ठेवलेली असते. म्हणून यादी सॉर्ट करून त्याच फाइलीत लिहायला गेलात, तर सॉर्टच्या हाती कोरी फाइल लागते. सूडो लावूनही 'परमिशन डिनाइड' येतं तेही यामुळेच: फाइल उघडतं तुमचं शेल, सूडो नव्हे.

एररचा मार्ग आउटपुटपासून वेगळा झाला तो १९७० च्या दशकात, बेल लॅब्जमध्ये. तिथल्या स्टीव्ह जॉन्सन यांनी सांगितलेली हकीकत अशी, की फोटोटाइपसेटरमधून कागद काढून धुतला, तर त्यावर सुरेख टाइपात एकच ओळ: फाइल उघडता येत नाही. कुरकुर झाली आणि काही दिवसांत स्टँडर्ड एरर आलं. हे दोन मार्ग पुन्हा एकत्र करायला आपण 2>&1 लिहितो. शेल डावीकडून उजवीकडे वाचतं; म्हणून आधी > आणि फाइलचं नाव, मग 2>&1. उलट लिहिलंत तर एरर स्क्रीनवरच राहते.

रिकाम्या लॉगचं मूळ मात्र बरेचदा &> मध्ये सापडतं. दोन्ही मार्ग एकत्र करायचं हे लघुरूप टर्मिनलवरच्या बॅश शेलमध्ये चालतं. पण रात्री स्क्रिप्ट चालवणारा क्रॉन ओळ देतो साध्या 'एसएच'ला, आणि उबुंटूत २००६ पासून त्या नावामागे डॅश हे वेगळं शेल आहे. डॅश त्याचे दोन तुकडे करतं: & ने काम बॅकग्राउंडला, > ने फाइल कोरी. बॅकअप झाला, लॉग गेला. टर्मिनलवर तीच ओळ बिनबोभाट चालते, म्हणून कुणाचा विश्वास बसत नाही.

कोटांची दुखणी वेगळी. 'युनिट दोन' नावाचा फोल्डर व्हेरिएबलमध्ये आला आणि भोवती डबल कोट नसले, की त्याचे दोन शब्द होतात. एको इथे फसवतो. दोन्ही वेळा छापलेलं सारखंच दिसतं. मी प्रिंटएफने प्रत्येक शब्द < > मध्ये छापतो. वर्डमधून उचललेले वाकडे कोट तर शेल कोट मानतच नाही.

आणि क्रॉनच्या ओळीत तारखेसाठी % असेल, तर आधी बॅकस्लॅश द्या. नाहीतर क्रॉन तिथेच ओळ तोडतो.